एमएक्स-५ चं इंजिन उघडलंय, पिस्टन रिंग कोणत्या घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मझदाची एमएक्स-५ ही स्पोर्ट्स कार १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. त्यामुळे हे प्रश्न मला विचारणारे बहुतेक मराठी लोक इंग्लंड, अमेरिका किंवा आखातात असतात. स्वस्तात जुनी गाडी मिळालेली असते आणि घराच्या गॅरेजमध्ये इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं असतं. माझी गाडी पहिल्या पिढीची, १.८ लिटरची. तिचं इंजिन मी दोनदा उघडलं. दुसऱ्यांदा का उघडावं लागलं ते पुढे येईलच. उत्तरं याच इंजिनाला धरून आहेत, पण बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक असलेल्या कुठल्याही जुन्या स्पोर्ट्स कारला त्यातली बरीचशी लागू पडतील.

गाडी निळा धूर सोडते. रिंगच गेल्या असणार ना?

लगेच तसं म्हणू नका. धूर कधी येतो ते पाहा. उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडली आणि खाली पोचून पुन्हा रेस दिल्यावर निळा लोट आला, तर संशय आधी व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यायचा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना एकदाच भक्कन धूर आला, तरी सीलच. चढावर, भार पडल्यावर सतत धूर येत असेल, ऑइलचं झाकण काढल्यावर आतून फसफस हवा येत असेल आणि डिपस्टिक बाहेर ढकलली जात असेल, तर मात्र रिंग (पिस्टनच्या खाचांत बसून सिलिंडरच्या भिंतीला टेकणाऱ्या कड्या) आणि बोअर (सिलिंडरची आतली गोल पोकळी) यांच्याकडे वळा.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला तर गळती रिंगमधून आहे, ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. याहून भरवशाची चाचणी लीक-डाउनची. सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरायची आणि ती कुठून सुटते ते कानाने ऐकायचं. एक्झॉस्टमधून ऐकू आली, इनटेकमधून आली की ऑइल भरायच्या तोंडातून, त्यावर निदान ठरतं. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडू नका, गाडी चालवा. नुसतं हात शिवशिवतात म्हणून उघडलेली इंजिनं मी पाहिली आहेत. त्यातली काही अजून डब्यांतच आहेत.

इंजिन उघडलं. आता रिंगचा सेट मागवू का?

थांबा. आधी बोअर मोजा. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण रिंग कोणती घ्यायची हे कॅटलॉग ठरवत नाही, बोअर ठरवतो. दुकानदार सेट परत घेत नाही, आणि पैसे आधीच गेलेले असले की माणूस बोअरकडे नीट बघत नाही. ‘चालून जाईल’ म्हणतो. माझं इंजिन पहिल्या वेळी असंच ‘चालून गेलं’: ११ महिने.

१.६ च्या इंजिनाचा मूळ बोअर ७८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८३.६, तर १.८ चा बोअर ८३ आणि स्ट्रोक ८५. आतल्या मापाचा डायल गेज (बोअर गेज) घेऊन प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली असा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीला दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा. एका सिलिंडरला सहा मापं, चार सिलिंडरची चोवीस. वहीत लिहून काढा. सर्वांत जास्त झीज वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग थांबून परत फिरते तिथे असते. त्या क्षणी रिंगचा वेग शून्य होतो आणि तेलाची फिल्म तुटते.

वर आणि खाली यांत फरक पडला की रिंगला प्रत्येक फेरीत उघडावं-मिटावं लागतं. इथे एक साधं गणित कामाला येतं. बोअर ०.१० मिमीने वाढला तर रिंगच्या टोकांमधली फट त्याच्या ३.१४ पट, म्हणजे ०.३१ मिमीने वाढते. खाली अचूक बसवलेली नवी रिंग वर गेली की तिची फट जवळजवळ दुप्पट झालेली असते. झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंग टाकणं हे वाकड्या चौकटीला नवीन दार बसवण्यासारखं आहे.

मग बोअर किती झिजला असेल तर नुसत्या रिंग चालतील?

मर्यादा वर्कशॉप मॅन्युअलमधली पाळा. माझी स्वतःची रेघ त्याहून कडक आहे: वर-खाली फरक ०.०५ मिमीच्या पुढे गेला, किंवा बोटाच्या नखाला वरची कड अडकली, की बोरिंग, म्हणजे बोअर कापून मोठा करणं. नखाला कड लागत नसेल आणि होनिंगच्या (दगडाने भिंत घासण्याच्या) जुन्या तिरप्या रेघा अजून दिसत असतील, तर हलकं होनिंग आणि स्टँडर्ड रिंग पुरतात.

बोरिंग करायचं ठरलं तर कोणत्या मापापर्यंत?

कमीत कमी. मझदाचे ओव्हरसाइज (मूळ मापाहून मोठे) पिस्टन मिळाले तर तेवढंच बोअर करा. बाहेरच्या कंपन्यांचे फोर्ज केलेले (दाबून घडवलेले) पिस्टन ८३.५ आणि ८४ मिमीला सहज मिळतात. आधी पिस्टन हातात आणि मग ब्लॉक बोरिंगवाल्याकडे, हा क्रम उलटा करू नका. चांगला बोरिंगवाला प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या जोडीचा बोअर काढतो आणि सिलिंडरवर नंबर टाकून देतो. ‘चारही एकाच मापात काढले’ असं अभिमानाने सांगणारा भेटला तर ब्लॉक उचला आणि निघा.

आणि हो, ८३.५ ची रिंग ८४ च्या बोअरला ‘थोडी ताणून’ चालत नाही. फट दीड मिमीहून जास्त वाढते. हा प्रश्न मला खरंच विचारला गेला आहे.

प्लेन, क्रोम, मॉली, नायट्राइड… डोकं चक्रावतं. सोपं करून सांगा.

पिस्टनवर तीन रिंग असतात आणि तिघींची कामं वेगळी. वरची ज्वलनाचा दाब अडवते आणि पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे पोचवते. दुसरीला कॉम्प्रेशन रिंग म्हणतात खरं, पण तिचं मोठं काम ऑइल खरवडून खाली ढकलणं हे आहे. तिसरी निव्वळ ऑइलची. रिंगच्या धातूची सगळी चर्चा मुख्यतः वरचीबद्दल असते.

साधं बीड: लवकर बसतं, होनिंगच्या लहानसहान चुका माफ करतं, स्वस्त. पण ठिसूळ, आणि ताप वाढला की ताण सोडतं. रविवारी फिरायला नेण्याच्या जुन्या गाडीला मला अजूनही तेच आवडतं.

क्रोम चढवलेली रिंग कडक असते, धुळीला दाद देत नाही. मातीच्या रस्त्यावर, आखातातल्या वाळूत चालणाऱ्या गाडीला ती शहाणपणाची. मात्र बसायला वेळ घेते, भिंतीवर जरा खरखरीत होनिंग मागते, आणि क्रोम चढवलेल्या बोअरमध्ये क्रोमची रिंग कधीही घालायची नाही.

मॉली म्हणजे रिंगच्या चेहऱ्यावर फवारलेलं मॉलिब्डेनम. हा धातू २,६०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतो, बीड त्याच्या निम्म्याच्याही आत. शिवाय फवारलेला थर सच्छिद्र असल्याने त्यात ऑइल धरून राहतं. टर्बो नसलेल्या, मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत पळवायच्या इंजिनाला ड्युक्टाइल (कमी ठिसूळ) बीडावर मॉली ही माझी पहिली पसंती. दोष एकच: नॉकिंग झालं (इंधन अवेळी पेटून ठोके बसले) तर हा थर चिरतो आणि कपची उडते.

नायट्राइड केलेलं पोलाद आजकालच्या बहुतेक फोर्ज केलेल्या पिस्टनसोबत येतं. यात थर वेगळा चढवलेला नसतो, पोलादाचा पृष्ठभागच नायट्रोजन मुरवून कडक केलेला असतो; त्यामुळे सोलून निघायला काही नाही. टर्बो लावणार असाल तर दुसरा विचार करू नका.

रिंगची जाडी किती असावी? बारीक रिंग चांगली म्हणतात.

पिस्टनच्या खाचेला जी लागते तीच. यात आवडीनिवडीला वाव नाही. फोर्ज केलेल्या पिस्टनना बऱ्याचदा १.०, १.२ आणि २.८ मिमीचा सेट लागतो, मझदाचा मूळ सेट त्यात बसत नाही.

बारीक रिंग चांगली असण्याचं कारण मात्र खरं आहे. ८५ मिमी स्ट्रोकच्या या इंजिनात ७,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ २० मीटर होतो, आणि प्रत्येक टोकाला तो शून्यावर येऊन उलटा फिरतो. जड रिंग त्या वळणावर खाचेत उचलली जाते आणि थरथरते. त्या क्षणी वायू तिच्या मागून निसटतो. हलकी रिंग खाचेच्या तळाला चिकटून राहते, भिंतीशी घासतेही कमी. पण त्यासाठी बोअर गोल हवा. मुंबई-पुण्याकडे असतात त्या जुन्या ब्रिटिश एमजी गाड्यांच्या मूळ रिंग जाडजूड असतात, आणि थोडा लंबवर्तुळाकार झालेला बोअर त्या सांभाळून घेतात. एमएक्स-५ ची रिंग इतकी सोशिक नाही.

रिंगची फट किती ठेवायची?

इथे घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

फट ठेवायची कारण रिंग तापून लांब होते. ८३ मिमी बोअरचा परीघ २६१ मिमी. रिंग भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली तर ती सुमारे ०.२९ मिमी लांबते. तेवढी जागा नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला जायला वाटच उरत नाही, मग ती बोअर ओरबाडते किंवा पिस्टनचा कठडा (खाचेलगतची कड) उखडते. फट जरा जास्त राहिली तर थोडं कॉम्प्रेशन जातं. कमी राहिली तर इंजिन जातं. दोन चुकांमधली कुठली परवडते ते तुम्हीच ठरवा.

मूळ पिस्टन आणि मूळ रिंग असतील तर मॅन्युअलचा आकडा. फोर्ज केलेल्या पिस्टनसोबत निर्माता तक्ता देतो, तो पाळा. तक्ता हरवला असेल तर अंदाजाला धरायचा ठोकताळा असा: टर्बो नसलेल्या, जोरात चालवायच्या इंजिनाला वरच्या रिंगसाठी बोअर गुणिले ०.००४५ आणि दुसरीसाठी बोअर गुणिले ०.००५५. ८३ मिमीला हे ०.३७ आणि ०.४६ मिमी येतं. टर्बोला वरची ०.४५ च्या आसपास, दुसरी ०.५०.

दुसरीची फट वरचीपेक्षा जास्त का, असं जुने मिस्त्री हमखास विचारतात. त्यांच्या काळी उलटं करत. वरच्या रिंगमधून थोडा वायू निसटणारच. दुसरी जास्त घट्ट असेल तर तो दोघींच्या मध्ये कोंडतो आणि वरच्या रिंगला खालून उचलतो. त्याला खाली वाट दिली की वरची जागेवर राहते.

मोजताना रिंग बोअरमध्ये घाला आणि पिस्टन उलटा करून तिला खाली ढकला, म्हणजे ती सरळ बसते. तिरकी बसलेली रिंग फट जास्त दाखवते. मी पहिल्या वेळी हाताने ढकलली होती, चारही सिलिंडरला. मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. रिंग ज्या सिलिंडरमध्ये मोजली त्याच सिलिंडरची. चार पाकिटांवर नंबर टाका.

‘फाइल-फिट’ रिंग घेऊ की तयार मापाच्या?

फाइल-फिट रिंग बोअरपेक्षा साधारण ०.१३ मिमी मोठ्या मापाच्या येतात आणि फट तुम्ही घासून काढायची असते. हाताला सवय असेल आणि एक निवांत रविवार असेल तर घ्या. घासताना एकच टोक घासा, आणि कानस बाहेरच्या चेहऱ्याकडून आतल्या बाजूला न्या. उलटं केलंत तर मॉलीचा थर कडेला उपटतो. शेवटी बारीक दगडाने कड मोडा. नेहमीच्या वापराच्या गाडीला तयार मापाच्या पुरेशा असतात, पण त्या ‘तयार’ आहेत म्हणून मोजायचं सोडू नका.

होनिंग कसं करून घ्यायचं?

रिंग ठरल्यावर, तिच्या पाकिटावरची सूचना बोरिंगवाल्याच्या हातात देऊन. साध्या बीडाला आणि क्रोमला साधारण २२० नंबरचा दगड, मॉलीला २८० ते ३२० आणि त्यावर ४०० चा हलका हात. शेवटच्या हाताने रेघांची टोकदार शिखरं कापली जातात आणि ऑइल धरणाऱ्या दऱ्या शिल्लक राहतात. रेघा एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या हव्यात. फारच आडव्या असतील तर ऑइल जास्त धरतात, फार उभ्या असतील तर धरत नाहीत.

त्यानंतरची धुलाई लोक पेट्रोल किंवा रॉकेलने उरकतात. ते चूक आहे. दगडाचे कण ऑइलसोबत रेघांमध्ये आणखी रुततात. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि कडक ब्रश. मग लगेच कोरडं करून पांढऱ्या फडक्याने ऑइल फिरवा. फडकं करडं निघतंय तोवर धुणं संपलेलं नाही. मला पाच फेऱ्या लागल्या. बायकोने त्यानंतर पावडरचा डबा गॅरेजमध्येच ठेवून दिला.

माझी गाडी पोर्शे किंवा होंडा एस२००० आहे. हेच लागू होईल?

नाही, आणि इथे गफलत महाग पडते. एअर-कूल्ड ९११ च्या अनेक मॉडेलना निकासिलचे सिलिंडर आहेत: ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेलचा थर आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण. ते सहसा झिजत नाहीत आणि घरगुती होनिंगला बधत नाहीत. ९४४ चा ब्लॉक ॲल्युसिलचा, म्हणजे सिलिकॉन मिश्रधातूतच मिसळलेला. त्याला पिस्टनही लोखंडाचा मुलामा दिलेलेच लागतात. एस२००० च्या भिंती धातूत तंतू मिसळून केलेल्या आहेत. या तिन्हींना रिंग निर्मात्याने त्या भिंतीसाठी सांगितलेल्याच घ्या आणि ब्लॉक त्याच कामाची सवय असलेल्या कारागिराकडे द्या.

जुने पिस्टन ठेवून फक्त रिंग बदलल्या तर?

चालतं, खाच शाबूत असेल तर. जुनी रिंग मोडून तिच्या टोकाने खाचेतला कार्बन खरवडा, पण हात हलका. ॲल्युमिनियम निघालं तर पिस्टन गेला. नवी रिंग खाचेत ठेवून वरच्या अंगाला फिलर गेज घाला. फट मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेली तर नवी रिंग खाचेत डुलणार आणि ऑइल वर पंप करणार.

कोणत्या कंपनीच्या घेऊ?

मूळ मापाला रिकेन, एनपीआर, टीपी या जपानी किंवा गोएत्झ, माले या जर्मन नावांपैकी जे मिळेल ते. रिकेन आणि एनपीआर २०२३ मध्ये एका छत्राखाली आल्या, त्यामुळे त्यांच्यावरून भांडण्यात आता मजा राहिलेली नाही. फोर्ज केलेल्या पिस्टनना पिस्टनवाल्याचाच सेट. ऑनलाइन बाजारात अर्ध्या किमतीला दिसणारं ‘ओरिजिनल’ पाकीट घेऊ नका.

चांगली रिंग बनवणं किती कठीण आहे ते सोइचिरो होंडांना विचारायला हवं होतं. मोटारसायकली बनवण्याआधी १९३० च्या दशकात ते पिस्टन रिंगच बनवत. टोयोटाकडे तपासणीला दिलेल्या ५० रिंगपैकी ३ पास झाल्या. धातूशास्त्र शिकायला ते हमामात्सूच्या तंत्रशाळेतही गेले होते.

भारतातून मागवता येतील का?

नावाने मागाल तर ‘ही गाडी नाही आमच्याकडे’ हेच ऐकाल. मापाने मागा: बोअर, जाडी आणि खाचेत आत शिरणारी रुंदी. जुन्या विदेशी गाड्या सांभाळणारे आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच करत आले आहेत, एका गाडीच्या पिस्टनला दुसऱ्याच गाडीची रिंग. तिन्ही मापं आणि धातू जुळला तर चालतं. ऑइल रिंगच्या बाबतीत मात्र मी हा प्रयोग करणार नाही.

बसवताना सगळ्यात जास्त कुठे चुकतं?

दोन जागा. दुसरी रिंग उलटी बसते. तिचा चेहरा उतरता असतो. टोकाजवळची खूण किंवा अक्षर नेहमी वरच्या बाजूला. उलटी बसली तर ती ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर चढवते. आणि ऑइल रिंगच्या मधल्या स्प्रिंगची टोकं एकमेकांवर चढतात. ती एकमेकांना टेकली पाहिजेत, चढता कामा नयेत.

वरच्या दोन रिंग पकडीने उघडून सरळ उतरवा, गुंडाळत चढवू नका; पिळलेली रिंग पुन्हा सपाट होत नाही. फटी एकमेकींपासून १२० अंशांवर ठेवा. इंजिन चालू झाल्यावर रिंग आपापल्या गतीने फिरतात, तेव्हा कोनमापक आणायची गरज नाही.

इंजिन बसलं. आता सावकाश चालवायचं ना?

उलट. रिंग भिंतीवर बसते ती तिच्या मागच्या वायूच्या दाबाने. पहिल्या दिवशी गाडी दारात उभी करून तासभर आयडलवर ठेवलीत तर होनिंगच्या रेघा रिंग न बसताच घासून गुळगुळीत होतात. ऑइलचा दाब आला, गळती नाही एवढं पाहा आणि रस्त्याला लागा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम फेऱ्यांपासून चांगली रेस द्या, मग पाय काढून इंजिनाच्या ब्रेकवर गाडी हळू होऊ द्या. दहा-बारा वेळा. फार वरच्या फेऱ्या आणि एकाच वेगाने लांबचा हायवे, दोन्ही टाळा. ऑइल साधं खनिज घ्या, सिंथेटिक नंतर. पहिलं ऑइल मी ५० किलोमीटरला काढतो, दुसरं ८०० ला.

१,००० किलोमीटर झाले, अजून थोडं ऑइल कमी होतंय.

मॉली असेल तर एव्हाना थांबायला हवं होतं. लीक-डाउन करून बघा. क्रोम असेल तर आणखी १,५०० किलोमीटर द्या, दर रविवारी सपाट जागेवर डिपस्टिक बघून आकडा लिहून ठेवा. आकडा उतरत असेल तर रिंग बसतेय. आणि स्पार्क प्लग काढून बघा: चारांपैकी एकच ओला असेल तर ती एकच ऑइल रिंग चुकीची बसली आहे. माझा तिसरा होता.